एका तप्त यंत्राची कैफियत

मनुष्याला ज्वर आला म्हणजे तो अंथरुणावर पडतो. लॅपटॉप अंथरुणावर पडला म्हणजे त्याला ज्वर येतो. या दोन प्राण्यांच्या प्रकृतीतील हा मूलभूत भेद ज्या घरात कोणाच्याच ध्यानी आलेला नसतो, त्या घरात वैशाखाच्या दुपारी गादीवर, गादीवरच्या गोधडीवर आणि गोधडीवरच्या उशीवर स्थानापन्न झालेले हे यंत्र पोटातील पंख्याचा आर्त घोष करू लागले, की प्रत्येक इसमाला आपण जन्मजात वैद्य असल्याचा साक्षात्कार होतो. आणि मराठी मध्यमवर्गीय कुटुंबात ज्या थोड्या विषयांवर एकमत होऊ शकते त्यांपैकी एक, म्हणजे ‘कसूर आपली नसून दुसऱ्या कोणाची तरी आहे’ हा ठराव, सूचक-अनुमोदकांची वाट न पाहता तत्काळ मंजूर होतो.

नाशिककराची उष्म्याविषयीची भूमिका मुळातच थोडी नाजूक आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर वसलेले आपले गाव थंड हवेचे आहे, या श्रद्धेवर त्याचे पोषण झालेले असते, आणि ‘पूर्वी आमच्याकडे पंखे लागतच नसत’ हे वाक्य तो पंखा पाचावर ठेवून, त्याच्या बरोबर खाली बसून उच्चारतो. हिवाळ्यात निफाडचा पारा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर घसरला की ही श्रद्धा दृढ होते, आणि उन्हाळ्यात तोच पारा चाळिशीला भिडला की ‘यंदाच जरा जास्त आहे’ ही वार्षिक पुरवणी जोडून ती शाबूत ठेवली जाते. लॅपटॉप निर्माण करणाऱ्यांना मात्र आमच्या श्रद्धेची वार्ता नसते. खोक्याबरोबर येणाऱ्या आणि खोक्याबरोबरच माळ्यावर जाणाऱ्या माहितीपत्रकात बहुधा असे एक कलम असते, की सदर यंत्र १० ते ३५ अंश सेल्सियस तापमानात चालवावे. या कलमाचा सरळ अर्थ असा, की चैत्र-वैशाखाच्या दुपारी पंचवटीपासून सातपूरपर्यंत आणि मखमलाबादपासून देवळालीपर्यंत अवघे नाशिक त्या माहितीपत्रकाच्या हद्दीबाहेर जाते. आणि हद्दीबाहेर घडलेल्या गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही चौकीवर दाखल करून घेतली जात नाही, हे अनुभवी नागरिकास सांगणे नको.

ताप आला हे ठरले, तरी तो किती आला हे ठरवावे लागते. मोजमापाच्या बाबतीत नाशिकचा मनुष्य परावलंबी नाही. गोदावरीला पूर आला असता गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले हा आकडा तो वाचतो खरा. परंतु पुराची खरी प्रत तो गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीवरून ठरवतो. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेपर्यंत चढले, छातीला भिडले, असे एकदा गंगेवरून येणाऱ्याने सांगितले, की मग क्युसेकची रुजुवात करण्याची कोणास गरज वाटत नाही. त्याच परंपरेस अनुसरून आमच्या घरी लॅपटॉपच्या तापाच्या इयत्ता ठरल्या. पहिल्या इयत्तेत तो मांडीवर धरवतो, दुसरीत मांडीवर पंचा घालून धरवतो, तिसरीत पंचा राहतो आणि मांडी काढून घ्यावी लागते, आणि चौथीत आई स्वयंपाकघरातून विचारते, “अरे, काही करपतंय का?” चिरंजीव अभियांत्रिकीचे विद्यार्थी असल्यामुळे त्यांचे या लोकमान्य पद्धतीने समाधान झाले नाही. त्यांनी यंत्राचे अंतर्गत तापमान दाखवणारी एक युक्ती त्यात बसवली, आणि पडद्याच्या कोपऱ्यात ९४ हा आकडा झळकला. पाणी उकळायला आता सहाच अंश कमी आहेत, असे मी म्हणताच त्यांनी मला दुरुस्त केले : नाशिकच्या उंचीवर पाणी शंभराला नव्हे, अठ्ठ्याण्णवच्या सुमारास उकळते, सबब अंतर फक्त चारच अंशांचे आहे. एवढ्या शुल्काच्या मोबदल्यात शिक्षणाने हे एक तरी ज्ञान घरात आणले, याचा त्या प्रसंगीही मला आनंद झाला.

या सुमारास यंत्राची वागणूक बदलते. लॅपटॉपचा प्रोसेसर, म्हणजे ज्याला त्याचा मेंदू म्हणण्याचा प्रघात आहे तो तुकडा, शंभरीच्या आसपास पोचला की आपली गती आपणच उतरवतो, आणि एवढ्यानेही उष्मा हटला नाही तर सर्व कामकाज तहकूब करून डोळे मिटतो. हे तंत्र कोण्या परदेशी शास्त्रज्ञाने योजलेले असले, तरी आपल्या तालुका कचेरीतील एखाद्या मुरलेल्या अव्वल कारकुनाला त्यात नवल वाटणार नाही. कारण अंगावर काम फार आले असता प्रथम कागद सावकाश वाचणे, मग टेबलावरून उठून पाणी प्यायला जाणे, आणि तरीही कामाचा ओघ न आटल्यास वैद्यकीय रजेचा अर्ज धाडणे, हा शिरस्ता त्या वर्गात प्रोसेसर जन्मास येण्यापूर्वीपासून चालत आला आहे. उभयतांचा हेतू एकच, स्वतः जळून न जाणे. आणि उभयतांच्या दिरंगाईस कोणाला कायद्याने हात लावता येत नाही.

खरे सांगायचे तर ही दिरंगाई आमच्या घरी कित्येक महिने अत्यंत लोकप्रिय होती. कन्येचे पुण्याच्या कंपनीचे काम घरूनच चालते. तिच्या सोमवार सकाळच्या लांबणाऱ्या बैठका ‘लॅपटॉप तापला’ या दोन शब्दांत अर्ध्यावर संपत असत. चिरंजीवांचे सबमिशन याच कारणास्तव मुदतीनंतर मुदत मागून घेत असे. सौभाग्यवती आमच्या सोसायटीच्या खजिनदार असल्याने ताळेबंदाचा तगादा लावणाऱ्या सभासदांना त्यांनी या यंत्राच्या कपाळावर हात ठेवायला लावून निरुत्तर परत पाठवले होते. आणि एका दिवाळी अंकाच्या संपादकांना मी जी पत्रे पाठवली, त्यांत माझ्या प्रकृतीचा उल्लेख क्रमाक्रमाने कमी होत जाऊन लॅपटॉपच्या प्रकृतीचा वाढत गेला होता. सारांश, ताप यंत्राला होता आणि विश्रांती आम्हाला मिळत होती. परंतु एके रात्री क्रिकेटच्या सामन्यातील अखेरच्या षटकात, चार चेंडू शिल्लक असताना, त्याने डोळे मिटले, आणि मग मात्र सत्याचा शोध लागलाच पाहिजे, अशी तीव्र भावना संपूर्ण कुटुंबात एकाच क्षणी उत्पन्न झाली.

चौकशीत प्रथम घरच्यांच्या जबान्या झाल्या. आईचे निदान तिच्या नित्याच्या चिकित्साशास्त्रास धरून होते : उष्णता झाली आहे. यंत्राला तोंड असते, तर तिने त्याला सब्जाचे पाणी आणि रात्री निजताना गुलकंद दिला असता. तोंड नसल्यामुळे तिने मीठ-मोहऱ्या उतरवून टाकण्याची शिफारस केली, कारण तो नवा आणला तेव्हा समोरच्या बिऱ्हाडातल्यांनी फार वेळ निरखला होता. कन्येने, दादा त्याच्यावर रात्री गेम खेळतो, एवढेच सांगितले. दादाने, यंत्र जुने झाले असून स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला नवा लॅपटॉप घेणे हाच एकमेव शास्त्रीय उपाय आहे, असे निवेदन केले, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ किमतीही सांगितल्या. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, तुम्ही तो गादीवर ठेवता.” हे विधान संक्षिप्त, निःशुल्क आणि सत्य असल्यामुळे त्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

घरच्यांनी हात टेकले म्हणजे शेजारी पुढे सरसावतात. आमच्या वरच्या मजल्यावर नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. तेथे १९२८ पासून नोटा छापल्या जात असल्याने त्या संस्थेत हयात घालवलेल्या मनुष्याची दृष्टी कोणत्याही वस्तूकडे प्रथम ती बनावट आहे असे गृहीत धरूनच वळते. त्यांनी लॅपटॉपला स्पर्शही केला नाही. चार्जर तेवढा उचलला, उजेडाकडे धरला, उलटवला, पुन्हा धरला, आणि तो खरा आहे याची खात्री पटल्यावर त्यांच्या मुद्रेवर जी निराशा उमटली ती पाहून आम्हालाच अपराधी वाटले.

दुसरे काका एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातले. दोनशे दहा मेगावॅटचे तीन संच, एकूण सहाशे तीस, हा हिशेब ते प्रत्येक संभाषणाच्या आरंभी, नांदी म्हणून, म्हणून घेतात. त्यांनी मात्र प्रकरणाचा गाभा पकडला. “कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांशाची वीज होते,” ते म्हणाले, “उरलेली उष्णता घालवायची कुठे, यातच आमचा जन्म गेला. त्यासाठी तर ते भलेथोरले मनोरे. तुमच्या यंत्राचा मनोरा कुठाय?” चिरंजीवांनी यंत्र उलटे करून तळाची जाळी दाखवली, त्या जाळीवर गोधडीचा एक धागा चिकटलेला होता. काकांनी तो चिमटीत धरून न्यायासनासमोर पुरावा ठेवावा तसा टेबलावर ठेवला, आणि मग पुष्कळ दिवसांनी श्रोते लाभलेल्या तज्ज्ञाच्या उत्साहाने सांगू लागले, की हे यंत्र भिंतीतून चाळीस-पन्नास वॅट वीज ओढते ती आकडेमोडीत मुरून राहते, असे आम्ही समजत असू तर तो भ्रम आहे; तिचा अक्षरशः सगळा भाग अखेर उष्णताच होतो. “आमच्याकडे उष्णतेची वीज होते, तुमच्या घरी त्या विजेची परत उष्णता होते. मधल्यामध्ये तुम्ही दोन पत्रं लिहिता, एवढंच.” माझ्या साहित्यसेवेचे याहून अचूक मूल्यमापन अद्याप कोणत्याही समीक्षकाने केलेले नाही.

या तत्त्वाच्या प्रकाशात पाहता लॅपटॉपवर आपण केवढा अन्याय करतो, ते उमगते. त्याचे पूर्वज राजेशाही थाटात वाढले. अमेरिकेत १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या ‘एनियाक’ नामक संगणकात सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या होत्या. तो दीडशे किलोवॅट वीज खात असे, आणि त्याला वारा घालण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा तैनातीला होती. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० च्या सुमारास उभा केलेला, आणि पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये ज्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले तो संगणक सुमारे सत्तावीसशे नळ्यांचा होता, आणि ज्या काळी सामान्य मुंबईकर विजेच्या पंख्याखाली बसणे ही चैन मानत असे, त्या काळी त्याच्यासाठी वातानुकूलित दालनाची तजवीज होती. अशा घराण्यातील वंशजाला आज आपण पापुद्र्याएवढ्या देहात कोंबून, त्याच्या एकुलत्या एक नाकपुडीवर उशी ठेवून, वर आणखी ‘इतका का तापतोस?’ असे विचारतो.

न तापता आकडेमोड होऊ शकतच नाही, असे मात्र नाही. त्याचा दाखला आमच्याच जिल्ह्यात आहे. देवळालीच्या शाळेत द. रा. कापरेकर नावाचे गणिताचे मास्तर होते. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, सगळे अंक सारखे असलेली तेवढी वर्ज्य करावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, मग चढत्या क्रमाने मांडावेत, मोठीतून लहान वजा करावी, आणि उत्तरावर पुन्हा तोच प्रयोग करावा, म्हणजे अधिकात अधिक सात पायऱ्यांत ६१७४ हीच संख्या हाती येते, आणि तेथून ती हलत नाही, हे त्यांनी १९४९ मध्ये मांडले. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. जगभरच्या गणितज्ञांनी ज्या स्थिरांकाला त्यांचे नाव दिले, तो शोधताना मास्तरांच्या कपाळाला कोणी हात लावून पाहिल्याची नोंद नाही. पुढे १९६१ मध्ये रॉल्फ लँडॉवर या शास्त्रज्ञाने असा सिद्धान्त मांडला, की माहितीचा एक कण पुसायचा म्हटला तरी किंचित उष्णता बाहेर टाकावीच लागते. परंतु ती इतकी सूक्ष्म, की फळा पुसणाऱ्या मास्तरांच्या बाहीलाही तिचा सुगावा लागू नये. आमचा लॅपटॉप काहीही न शोधता जो तापतो, त्याचा खुलासा या सिद्धान्ताने होत नाही.

तो खुलासा चिरंजीवांनी यंत्राचा अंतर्गत कारभार पडद्यावर उघडला, तेव्हा झाला. आम्ही कोणी काही करीत नव्हतो, तरी आत अनेक खाती अहोरात्र राबत होती : एक विषाणूंची झडती घेत होते, एक कोणी न मागितलेली सुधारणा उतरवून घेत होते, आणि ब्राउझर नामक खात्यात उघड्या राहिलेल्या पानांची रांग लागली होती. त्यांत पंचांग होते, कैरीच्या लोणच्याच्या तीन परस्परविरोधी कृती होत्या, चिरंजीवांच्या पसंतीचा लॅपटॉप होता, आणि एका विवाहमंडळाच्या संकेतस्थळावरील एक स्थळ होते, जे कोणासाठी व कोणी उघडले याची कन्येने तेथल्या तेथे, आजीकडे रोखून पाहत, जी चौकशी आरंभली तीत यंत्राचा ताप काही काळ सर्वस्वी दुय्यम ठरला. पाने मिटवली, तसा आकडा उतरला. तेथेच चिरंजीवांनी आणखी एक किल्ली फिरवली : प्रोसेसरची कमाल मर्यादा शंभर टक्क्यांवरून नव्व्याण्णववर आणली. अनेक यंत्रांत एवढे केल्याने त्याची उसळी मारून अतिवेगाने धावण्याची वृत्ती बंद होते, आणि ताप चांगलाच उतरतो. महत्त्वाकांक्षेत एक टक्का कपात केल्याने प्रकृतीस एवढा आराम पडतो, हे माझ्या परिचयातील काही रक्तदाबाच्या रुग्णांना कळवण्याचा माझा मानस आहे.

बाह्योपचार मात्र जपून करावे लागतात. वाळ्याचा ओला पडदा, बर्फाची पिशवी आणि फ्रीजमधली खालची फळी, असे तीन प्रस्ताव आले होते. तिन्ही एकलहऱ्याच्या काकांनी नामंजूर केले, कारण तापलेल्या यंत्राला एकदम गारवा दिल्यास हवेतील बाष्प त्याच्या आत थेंबांच्या रूपाने जमते, आणि मग ज्वर उतरतो तो रोग्यासकट उतरतो. त्याऐवजी सपाट, कठीण आणि खालून हवा खेळेल असे आसन द्यावे, असा त्यांचा हुकूम झाला. आईने तत्परतेने सत्यनारायणाचा चौरंग आणून दिला. चौरंगावर विराजमान झालेल्या लॅपटॉपसमोर मांडी घालून बसल्यावर लेखन अधिक शुचिर्भूत होते की नाही ते वाचकांनी ठरवावे. पण उठताना नमस्कार करण्याची इच्छा होते, हे मी अनुभवाने सांगतो.

अखेरीस कॅनडा कॉर्नरच्या परिसरातून एका दुरुस्तीवाल्या मुलाला पाचारण करण्यात आले. त्या चौकाच्या नावात जेवढा शीतल प्रदेश सामावला आहे, तेवढीच शीतलता त्या मुलाच्या स्वभावात होती. “काका, मागच्या वेळी कधी उघडला होता?” असे त्याने विचारले, आणि आमच्या मौनावरून उत्तर ओळखून बारीक पेचकसाने तळाचे झाकण काढले. पंखा आणि तांब्याच्या पात्यांची जाळी यांच्यामध्ये करड्या रंगाचा, नमद्यासारखा घट्ट, चांगला गुबगुबीत थर बसला होता. पंखा फिरत होता, घोष करीत होता. परंतु त्याचा वारा त्या थरावर आपटून परत येत होता. मुलाने थर चिमट्याने सबंध उचलून कागदावर ठेवला, आणि आम्ही सर्व जण पंचनाम्याला वाकलो. त्यात गोधडीचा कापूस होता, तो माझा. उदबत्तीची काजळी होती, ती आईची. शेव-पापडीचा चुरा होता, तो चिरंजीवांचा. कन्येचे दोन लांब केस होते. आणि या सर्वांच्या मध्यभागी हळदीकुंकवाची पूड, झेंडूची एक सुकलेली पाकळी आणि अक्षतांपैकी एक सबंध तांदूळ होता. दसऱ्याला शस्त्रपूजनात त्याला मनोभावे पुजणाऱ्या सौभाग्यवती त्या तांदळाकडे पाहून प्रथमच निरुत्तर झाल्या. ज्या कुटुंबाने एकमेकांविरुद्ध एवढ्या जबान्या दिल्या, त्याची अशी संयुक्त सही-शिक्क्यांची कबुली मिळेल, असे कोणासही वाटले नव्हते. आम्ही त्या यंत्राची हेळसांड केली नव्हती. पूजा केली होती, आच्छादन घातले होते, मऊ बिछाना दिला होता. एवढ्या जिव्हाळ्यानंतर आत हवा शिरायला वाट उरली नव्हती, इतकेच.

मग मुलाने पंख्याचे पाते काडीने अडकवून धरले, कारण मोकळे सोडल्यास ते फुंकणीच्या झोताने भलत्याच वेगाने फिरून बिघडते, आणि उरलेली धूळ गच्चीत नेऊन उडवली. आतली चपटी तांब्याची नळी त्याने आम्हाला कौतुकाने दाखवली. हवा काढून घेतलेल्या तिच्या पोटात थोडेसे पाणी असते. निर्वातामुळे ते कमी तापमानातच उकळते, वाफ होऊन प्रोसेसरजवळची उष्णता पात्यांपर्यंत वाहून नेते, तेथे निवते, आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत पुन्हा जागेवर येते. ना मोटार, ना वीज, ना तक्रार. असली नळी जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस येथे सिद्ध केली, ती मुख्यतः अंतराळातील उपयोगासाठी. तिचे वंशज पुढे नाशिकात गोधडीखाली नांदतील, याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नाही. नळी आणि प्रोसेसर यांच्यामधला लेप वाळून त्याचा भुगा झाला होता. दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये हवेच्या सूक्ष्म फटी राहतात, आणि हवा ही उष्णतेची फार कंजूष वाहक आहे. म्हणून तेथे लेपाचा पातळ थर द्यावा लागतो. मुलाने तो वाटाण्याहून लहान थेंबाएवढा लावला. “एवढासाच?” असे आईने विचारले, आमच्या घरी अंगाला उटणेसुद्धा याहून सढळ हाताने लावतात.

यंत्र आता साठ अंशांच्या आसपास असते, पंखा क्वचितच ऐकू येतो, आणि पत्र लिहायला घेतले की शब्द बोटाच्या आधी उमटतात. या यशाबद्दल कोणी पेढे वाटले नाहीत. कन्येच्या सोमवारच्या बैठका पूर्ण लांबीच्या होऊ लागल्या आहेत. चिरंजीवांना सबमिशन वेळेवर द्यावे लागले, आणि नव्या लॅपटॉपची फाइल दप्तरी दाखल झाली. ताळेबंद मांडल्यावर सोसायटीच्या हिशेबात एक खर्च विनापावतीचा निघाला, आणि तो कोणी केला यावरून वार्षिक सभा बरीच तापली. आणि संपादकांचे पत्र आले आहे, की यंत्र दुरुस्त झाल्याचे कळून आनंद झाला, तरी लेख परतीच्या टपालाने धाडावा. एकलहऱ्याच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे उष्णता नष्ट होत नाही, तिची केवळ बदली होते. म्हणून ज्यांच्या घरी हे यंत्र अद्याप तापते, त्यांनी तळाचे पेच काढण्यापूर्वी आपली कोणकोणती कामे त्या तापाच्या सबबीवर तहकूब आहेत, त्यांची एक यादी करावी, ती शांतपणे वाचावी, आणि मगच पेचकस मागवावा.